पार्सलचा डबा ठेवण्याआधी उलटा करून पाहा

हॉटेलातून आलेला प्लास्टिकचा डबा धुऊन लोणचं किंवा उरलेली आमटी ठेवायला घेतो, पण तो कुठल्या प्लास्टिकचा आहे हे बघायचं राहून जातं.

१. तळाशी बाणांच्या त्रिकोणातला आकडा वाचा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, गरम पदार्थ सोसणारं. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटलीचं. साधारण ७० अंशांला ते मऊ पडतं, म्हणून त्यात गरम काही ओतू नका. ६ असेल तर गरम किंवा तेलकट पदार्थ नको.

२. पेला आणि काट्याचं चिन्ह शोधा. ते अन्नासाठी बनवलेल्या प्लास्टिकवर असतं.

३. आकडा नाही, चिन्ह नाही, आणि डबा काळा किंवा गडद रंगाचा? अन्नाला वापरू नका. वेगवेगळ्या रंगांचा भंगार माल एकत्र वितळवला की तो गडद रंगातच लपतो, आणि त्यात आधी काय भरलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही. असे डबे खिळे-स्क्रू ठेवायला उत्तम.

४. तेल, तूप, लोणचं, चिंचेचा कोळ काचेत किंवा चिनीमातीच्या बरणीत. तेल आणि आंबट, दोन्ही प्लास्टिकमधली रसायनं ओढून घेतात. उष्णतेने तो वेग वाढतो.

रस्सा किंवा चहा आणायचा तर घरून स्टीलची बरणी न्या. कॅरीबॅगमध्ये उकळता चहा तर मुळीच घेऊ नका, लहान मुलांसाठी तर नाहीच.

एक मात्र ध्यानात ठेवा: त्रिकोण फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. माल नवा की पुनर्वापरातला, हे त्यावरून कळत नाही.