चौकटी कंसातली तारीख

इतिहासात प्राथमिक साधन (त्या काळचाच कागद) कशाला म्हणतात आणि दुय्यम (नंतर कुणी लिहिलेलं) कशाला, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. नेट-सेटचा अभ्यास केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी ती व्याख्या सांगता येते. मलाही येत होती. तरीही माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण, चांगलं त्रेसष्ट पानांचं, एका कंसापायी आडवं झालं. नुकतंच रजिस्ट्रेशन झालेल्यांनी हे वाचावं. ज्यांचा प्रबंध बाइंडिंगला गेलाय त्यांनी वाचू नये, उगाच झोप उडेल.

माझा विषय पेशवाईतली सावकारी. तिसऱ्या प्रकरणात मला दाखवायचं होतं की पानिपतानंतर पुण्याच्या आसपासची पत आटली. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली, माणसं गेली, पैसा बुडाला आणि सावकारांनी हात आखडते घेतले, अशी सरळ मांडणी. या मांडणीचा खांब होतं एक पत्र. एका कमाविसदारानं, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यानं, पुण्याला लिहिलेलं. कमाविसदाराला सरकारात आगाऊ रक्कम भरावी लागे, तिला रसद म्हणत, आणि ती तो बहुधा सावकाराकडून उचलून भरी. तर हा गृहस्थ लिहितो की रसदेला कुणी कर्ज देईना, उलट मागच्या देण्याचा तगादा लागलाय. छापील संग्रहात पत्रावर तारीख होती [३० मे १७६१], आणि वर संपादकाचा मथळा, पानिपतानंतरच्या ओढाताणीचा. मला आणखी काय हवं होतं? तळटीप टाकली, संदर्भसूचीत ‘प्राथमिक साधने’ या शीर्षकाखाली ग्रंथाचं नाव लिहिलं आणि त्या रात्री मिसळ खायला गेले.

प्रगती अहवालाच्या सादरीकरणाला बाहेरून आलेल्या एका बाईंनी एवढंच विचारलं, “ही तारीख कुणाची?”

“पत्राची.”

“पत्रात कुठंय?”

मी पान उलटलं. पत्राच्या शेवटी होतं ‘छ २५ सवाल’, बस्स. ‘छ’ म्हणजे चंद्र, सवाल म्हणजे हिजरी शव्वाल महिना. वर्ष कुठेही नाही. बाई पुढं काही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

आता हे जरा सविस्तर सांगते, कारण व्याख्या पाठ असणारेच इथं फसतात. छापील साधनग्रंथ उघडला की आपल्याला वाटतं, आपण अठराव्या शतकातला कागद वाचतोय. खरं तर त्या एका पानावर दोन काळ एकमेकांत मिसळलेले असतात. मजकूर तेव्हाचा. मथळा आत्ताचा. शब्द तोडलेत ते संपादकानं, कारण मोडीत ओळ एकसंध धावते, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. स्वल्पविराम, पूर्णविराम संपादकाचे. आणि चौकटी कंसातली तारीख तर पूर्णपणे संपादकाची. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढायला सुरुवात केली, पुढे त्याचे बावीस खंड झाले. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांतल्या, निवडक कागदांचे ४५ भाग छापले, त्यात पत्रांवर इंग्रजी सारांश आहेत. या लोकांनी उपसलेले कागद बघितले की आपली पीएचडी म्हणजे गंमत वाटते. पण शेकडो पत्रांत वर्षच नाही, तिथं त्यांना मजकुरावरून अंदाज बांधावा लागला. आणि तो अंदाज आहे हे सांगण्यासाठीच कंस घातला. त्यांनी फसवलं नाही, मी कंस वाचला नाही.

यातली खरी मेख पुढे आहे. संपादकानं १७६१ हे साल कशावरून धरलं असेल? पत्रात पैशाची चणचण आहे, पानिपतानंतर चणचण असणारच, म्हणून पत्र पानिपतानंतरचं. आणि मी काय केलं? पत्र पानिपतानंतरचं आहे, त्यात चणचण आहे, म्हणून पानिपतामुळे चणचण झाली. म्हणजे त्यांचा तर्क मी त्यांच्याकडूनच उसना घेतला आणि पुरावा म्हणून त्यांनाच परत दिला. घाण्याच्या बैलासारखी फिरत होते, डोळ्यांवर झापड बांधून.

मग मूळ कागद शोधायला निघाले. तो एका जुन्या घराण्याच्या दफ्तरात होता आणि तिथवर पोचायला सात महिने लागले. त्यातले पाच नुसते फोन करण्यात गेले. दफ्तर सांभाळणारे एक काका होते, उभी हयात मोडी वाचण्यात गेलेली. रुमाल, म्हणजे कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं, सोडला, कागद काढला, आणि मी समोरची बाजू वाचायला लागले तर म्हणाले, “आधी पाठ बघावी.”

पाठीवर, वेगळ्या हातानं, वेगळ्या शाईनं, एक ओळ होती: ‘पै॥ छ ८ जिलकाद सन इहिदे सितैन’. पै॥ म्हणजे पैवस्ती, पत्र पोचल्याची नोंद. जिलकाद म्हणजे सवालच्या पुढचा हिजरी महिना. छापताना ती गळली होती. आणि तिच्यात वर्ष होतं! इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, शंभर आणि हजार समजून घ्यायचे, म्हणजे शुहूर सन ११६१. मराठी कागदांत तेव्हा हाच सन चाले. मला कुणीतरी शिकवलेलं होतं की शुहूर सनात ६०० मिळवले की इसवी सन येतो. ११६१ अधिक ६००, १७६१. संपादक बरोबर! मला त्या दफ्तरखान्यात नाचावंसं वाटलं.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “मृग पाहिलात का?”

नाही पाहिला. आणि इथं मी दुसऱ्यांदा पडले, तेही मूळ कागद हातात असताना.

शुहूर सन बदलतो सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. आज मृग ७ जूनच्या सुमाराला लागतो, तेव्हा तीन-चार दिवस आधी लागे. म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला ६००. शुहूर ११६१ म्हणजे जून १७६० ते जून १७६१. इथवर सोपं आहे. पण महिने हिजरी, चांद्र. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान. त्यामुळे एकाच शुहूर सनात काही चंद्र दोनदा येतात, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. २५ सवाल हा नेमका तसा चंद्र निघाला. एकदा १० जून १७६० च्या आसपास, पुन्हा ३० मे १७६१ च्या आसपास. दोन्ही ११६१ मध्येच. म्हणजे पत्रावर सन लिहिलेला असता तरी निर्णय लागला नसता. महिन्याचं नाव सवाल, ते काही उगाच नाही.

सोडवणूक केली ती पैवस्तीनं. ८ जिलकाद १७६१ मध्ये येतो ११ जूनच्या सुमाराला, म्हणजे मृगानंतर. तेव्हा सन बदललेला, इसन्ने सितैन, ११६२. पण कारकुनानं तर इहिदे लिहिलंय. मग तो ८ जिलकाद आदल्या वर्षीचाच, २२ जून १७६० च्या जवळपासचा. पत्र निघालं १० जूनला, पोचलं बारा दिवसांनी. पानिपताच्या सात महिने आधी!

म्हणजे ज्या पत्रावर मी पानिपताचा परिणाम दाखवत होते, ते लिहिलं गेलं तेव्हा पानिपत व्हायचं होतं. त्रेसष्ट पानं. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. काकांनी चहा आणून ठेवला आणि परत आत गेले, सांत्वन वगैरे काही नाही. आज वाटतं, तेच बरं केलं.

नवीन मुलं इथं विचारतात, मग प्रकरण फेकून दिलंत का? नाही. पत आधीच आटलेली होती, हा मुद्दा आधीच्यापेक्षा जड निघाला. १७६० मध्येच भाऊसाहेबांनी दिल्लीत दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून नाणी पाडली होती, हे मी शाळेपासून वाचत आले होते आणि तरी कधी जोडून पाहिलं नव्हतं. पैशाचं दुखणं जुनं होतं, पानिपतानं ते चव्हाट्यावर आणलं, असं आता ते प्रकरण म्हणतं. पण त्यासाठी पाऊण वर्ष गेलं आणि फेलोशिप संपली, हेही सांगायला हवं. ‘चुकांतूनच माणूस शिकतो’ म्हणणाऱ्यांना कुणीतरी खोलीचं भाडंही विचारा.

बाकी गोष्टी थोडक्यात. एखादा ग्रंथ कायमचा प्राथमिक किंवा कायमचा दुय्यम नसतो, तुमचा प्रश्न काय यावर ते ठरतं. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा. शिवकाळासाठी तो दुय्यम. पण कंपनीचा अधिकारी मराठ्यांकडे कसा बघत होता असा प्रश्न असेल तर तोच अव्वल दर्जाचा प्राथमिक कागद. बखरींचंही तेच. ‘बखर’ एवढ्या नावावर दोन कागद एका पारड्यात टाकू नका. शिवाजी महाराजांची बखर सभासदानं राजारामांच्या काळात जिंजीत बसून लिहिली, त्यानं तो जमाना पाहिलेला होता. महाराजांवरचीच चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकातली. शंभरावर वर्षांचं अंतर आहे, पण परीक्षेच्या गाइडात दोन्ही एकाच ओळीत बसवलेल्या असतात. जुनं म्हणजे प्राथमिक, हा समज तर लवकरात लवकर सोडा.

आणि एका कागदावर घर बांधू नका. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी, टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. ती तिथी टिकली ती एकट्या शकावलीच्या जोरावर नाही. महाराजांच्याच काळातल्या परमानंद कवीच्या शिवभारतातही तीच तिथी आहे, आणि राजस्थानात मिळालेल्या कुंडलीनंही तीच दाखवली. एकमेकांचं बघून न लिहिणारे साक्षीदार मिळेपर्यंत धीर धरावा लागतो. मी एका साक्षीदारावर फाशी दिली होती.

प्रबंधाच्या गाईडांबद्दल, म्हणजे मार्गदर्शकांबद्दल, लिहू नये म्हणतात, तरी लिहिते. ‘संदर्भसूचीत चाळीस प्राथमिक, साठ दुय्यम दिसले पाहिजेत’ असं सांगणारे गाईड असतात. माझे तसेच होते. माणूस प्रेमळ, सही वेळेवर करणारा, पण दफ्तराची पायरी वीस वर्षांत न चढलेला. असा गाईड वाईट नाही, फक्त अपुरा आहे. दुसरा गुरू स्वतः शोधा. तो बहुधा विद्यापीठात नसतो, कुठल्यातरी दफ्तरात धूळ झटकत बसलेला असतो आणि पहिल्या भेटीत तिरसट वाटतो. त्याच्यासाठी पेढे नेऊ नका, वाचून न समजलेला कागद न्या. तो लगेच खुलतो.

आणि ते तीन महिन्यांचं मोडी प्रमाणपत्र. घ्या, जरूर घ्या, पण त्यानं फक्त वळणदार, शिकवणीची मोडी वाचता येते. घाईत लिहिणाऱ्या कारकुनाची मोडी वाचायला मला दीड वर्ष लागलं, आणि अजून ‘त’ आणि ‘न’मध्ये मी अडकते. ग्रुपवर फिरणारी लिप्यंतरं तर डोळे झाकून घेऊच नका. कुणी केली, कोणत्या कागदावरून केली, पाठ पाहिली का, काही पत्ता नसतो. दुसऱ्याच्या ग्रंथातली तळटीप मूळ न पाहता उचलायची सवय मात्र सगळ्यात वाईट. मला ती होती. एकदा तर ग्रंथकाराची पान क्रमांकाची छपाईची चूकही मी इमानदारीनं माझ्या प्रबंधात उतरवली होती, आणि तिथंच माझी चोरी उघडी पडली.

हे वाचून घाबरायला झालं असेल तर थोडं थांबा. प्रत्येक कागदाचं मूळ बघायलाच हवं असं नाही, तसं करत बसलात तर सातबारा नातवाच्या नावावर होईल तेव्हा प्रबंध संपेल. ज्या कागदावर तुमचा मुद्दा उभा आहे, तेवढ्यांचं बघा. माझ्या प्रबंधात असे कागद अकरा निघाले. अकरा काही जास्त नाहीत. बाकीच्यांसाठी छापील ग्रंथ घ्या, फक्त वहीत तीन रकाने पाडा: कागद स्वतः काय म्हणतो, संपादक काय म्हणतो, मी काय म्हणते. तारीख लिहिताना ती कोणत्या रकान्यातून आली ते लिहा. कंटाळवाणं आहे. मी पहिले दोन महिने रोज चुकवत होते.

प्रबंधाची एक प्रत मी काकांना पाठवली होती. पंधरा दिवसांनी फोन आला. अभिनंदन वगैरे केलं, प्रकृतीची चौकशी केली, आणि म्हणाले, “पान एकशे बारा. ती रबिलाखर महिन्याची तिथी परत एकदा मांडून बघा.”

मांडून बघितली. एका दिवसाचा फरक आहे. चालेल का म्हणून विचारलं तर म्हणाले, “तुमचं तुम्ही ठरवा.”