घरच्या घरी चित्रकार्डं बनवून मुलांना मराठी शब्द कसे शिकवायचे

परदेशात वाढणाऱ्या किंवा इंग्लिश मीडियममधल्या चार-सहा वर्षांच्या मुलांना नुसतं 'म्हण बाळा, चिंच' करून भागत नाही, समोर वस्तू किंवा चित्र हवंच. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, एका कार्डावर एकच चित्र, मागे शब्द. शक्यतो घरातल्याच वस्तूंचे फोटो, पोळपाट, लाटणं, कढई वगैरे, कारण रोज हाताळलेली वस्तू पटकन लक्षात राहते.

आता खरी अडचण, लिंग. तो आंबा, ती चिंच, ते केळं, याला लहान मुलांना सांगण्यासारखा सोपा नियमच नाही, म्हणून कार्डाला रंगीत कडा द्या, 'तो'ला निळी, 'ती'ला लाल, 'ते'ला हिरवी, आणि शब्द एकटा कधीच म्हणू नका, मोठा आंबा, मोठी चिंच, मोठं केळं असंच म्हणत राहा म्हणजे कानाला सवय होते. मला तरी ही कडांची आयडिया सगळ्यात कामाची वाटते.

एका वेळी पाच-सहा कार्डं बास. आधी आपण म्हणायचं, मग 'चिंच कुठंय?' विचारून बोट दाखवायला लावायचं, बोलायची घाई नको प्लीज, मुलांना शब्द आधी कळतो आणि तोंडात नंतर येतो. मग एक कार्ड लपवून 'कोण गेलं?' खेळा.

ओतणं, सोलणं, उडी मारणं हे चित्रात नीट कळत नाही, ते करूनच दाखवा. जुनी कार्डं दोन दिवसांनी परत काढायची, मग आठवड्याने.