कर्तव्य बजावताना वीरमरण आलेल्या पोलिसाचा स्मृतिदिन कसा पाळावा

पेठेतल्या मंडळाने, शाळेने किंवा जुन्या सहकाऱ्यांनी एखाद्या दिवंगत पोलिसाचा स्मृतिदिन पाळायचे ठरवले, की पहिला फोन मंडपवाल्याला जातो आणि दुसरा डिजिटल फलक छापणाऱ्याला, असा सोलापुरातला माझा अनुभव आहे. खरे तर सुरुवात त्याच्या घरापासून व्हायला हवी. आई-वडिलांना, पत्नीला आणि मुले कळत्या वयाची असतील तर त्यांनाही, एक किंवा दोन जणांनीच प्रत्यक्ष जाऊन विचारावे. दहा जणांचा घोळका दारात उभा राहिला की घरच्यांना नको म्हणणे अवघड होते आणि मग मनाविरुद्धचा होकार मिळतो. कार्यक्रम जाहीर व्हावा असे त्यांना वाटते का, कोणता फोटो लावावा, कोणती गोष्ट बोलू नये, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून घ्यावेत. फोटो शक्यतो गणवेशातला निवडला जातो, पण आईने कपाटातून काढून दिलेला साध्या सदऱ्यातला फोटो असेल, तर तोच लावावा.

आपल्या शहरात घरागणिक रीत बदलते, याचे भान ठेवावे. लिंगायत घरात दफन होते, पद्मशाली घरातली आजी तेलुगूत बोलते, अक्कलकोटकडच्या घरात कन्नड चालते, तर एखाद्या मुस्लिम कुटुंबाला फोटोला हार घालणे मुळीच रुचत नाही. त्यामुळे समई, उदबत्ती आणि हार ही सर्वांना चालणारी मांडणी आहे असे गृहीत धरू नये. आजीला मराठी नीट उमगत नसेल तर निवेदकाने चार वाक्ये तिच्या भाषेत बोलावीत. ती वाक्ये आधी कोणा जाणत्याकडून तपासून घ्यावीत.

तारीख ठरवताना

घरातले श्राद्ध तिथीने होईल, पण जाहीर कार्यक्रम तारखेनेच घ्यावा, कारण सहकाऱ्यांच्या लक्षात तारीख राहते. घरच्यांना त्या दिवशी एकांत हवा असेल तर २१ ऑक्टोबर हा दुसरा दिवस उपलब्ध आहे. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे, बेपत्ता साथीदारांच्या शोधात निघालेल्या पोलीस तुकडीवर चिनी सैन्याने उंचावरून गोळीबार केला आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान धारातीर्थी पडले. त्यांचे मृतदेह मिळायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. तेव्हापासून देशभरातील पोलीस दले हा दिवस पाळतात. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या वर्षभरात कर्तव्यावर प्राण गमावलेल्या पोलिसांची नावे त्या दिवशी वाचली जातात, बिगुल वाजतो, शस्त्रे उलटी धरून ‘शोक शस्त्र’ केले जाते. सोलापुरात शहर आयुक्तालय आणि ग्रामीण अधीक्षक कार्यालय ही दोन वेगळी घटके आहेत आणि राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १० हे तिसरे. आपला माणूस यांपैकी कोणत्या घटकाचा होता हे पाहून त्याच कार्यालयाकडे, निदान महिनाभर आधी, लेखी पत्र द्यावे आणि कुटुंबाला उपस्थित राहता येईल का ते विचारावे.

स्वतंत्र कार्यक्रम घ्यायचा असेल तर बंदोबस्ताचे वेळापत्रक पंचांगाइतकेच महत्त्वाचे मानावे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत शहर पोलिसांना उसंत नसते, आषाढी-कार्तिकीला ग्रामीणचे मनुष्यबळ पंढरपुरात असते आणि गणपतीत तर कोणाकडेच वेळ नसतो. अशा दिवसांत ज्यांच्यासाठी कार्यक्रम करायचा, ते सहकारीच येऊ शकत नाहीत. मृत्यूची तारीखच नेमकी यात्रेत येत असेल तर त्या दिवशी घरी जाऊन यावे आणि सार्वजनिक कार्यक्रम पुढच्या पंधरवड्यात घ्यावा. २१ ऑक्टोबर दिवाळीतही येऊ शकतो; २०२५ मध्ये त्याच दिवशी लक्ष्मीपूजन होते. तसे झाल्यास सकाळची वेळ धरावी आणि शेजारच्या गल्लीतल्या पोरांना तासभर फटाके थांबवायला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. ती ऐकतात.

नाव, हुद्दा आणि शब्द

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबून लिहितो. पूर्ण नाव सेवापुस्तकात किंवा ओळखपत्रावर जसे आहे तसेच घ्यावे. हाक मारायचे नाव आठवणींत यावे, फलकावर नको. हुद्दा मृत्यूच्या दिवशी होता तोच लिहावा: पोलीस शिपाई, पोलीस नाईक, पोलीस हवालदार, सहायक पोलीस उपनिरीक्षक, पोलीस उपनिरीक्षक. नाईक हे पद राज्यात पुढे रद्द झाले म्हणून जुन्या फलकावरचा नाईक आज कोणी हवालदार करू नये. आपण बोलताना उपनिरीक्षकाला फौजदार म्हणतो, पण दगडावर कोरताना शासकीय पदनामच असावे. त्याखाली बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा दलातला ओळख क्रमांक, अवश्य लिहावा. बाहेरच्याला तो आकडा वाटतो, पण सहकाऱ्यांसाठी ते त्या माणसाचे दुसरे नाव असते, कारण वर्षानुवर्षे हजेरीत तोच पुकारला गेलेला असतो.

मी निवेदन करत असलेल्या एका कार्यक्रमात हवालदाराच्या नावाआधी ‘पोलीस शिपाई’ छापले गेले होते. मजकूर तपासायचे काम माझ्याकडे होते आणि मी तो फोनवर वाचून ‘ठीक आहे’ म्हणालो होतो. त्यांचे वडील कार्यक्रमभर त्या फलकाकडेच पाहत बसले आणि निघताना एवढेच म्हणाले, “तीन फितींसाठी लई वर्षं थांबलं होतं पोरगं.” (हवालदाराच्या बाहीवर तीन फिती असतात.) तेव्हापासून छपाईपूर्वीचा मजकूर मी कागदावर काढून घरच्यांपैकी एकाची आणि पोलीस ठाण्यातील एका सहकाऱ्याची सही घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

शब्दांबाबत सोलापूरकराला आणखी एक काळजी घ्यावी लागते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यामुळे आपल्याकडे ‘हुतात्मा’ म्हटले की हे चौघेच डोळ्यांसमोर येतात. पोलिसासाठी तो शब्द चुकीचा नाही, पण ‘कर्तव्य बजावताना वीरमरण’ हा शब्दप्रयोग अधिक नेमका आहे आणि त्यातून त्या माणसाचे कामही कळते. बंदोबस्तावर असताना हृदयविकाराने गेलेल्या पोलिसाबाबत ‘कर्तव्यावर असताना निधन’ असे लिहावे. वाढवून लिहिल्याने त्याचा मान वाढत नाही.

परिचयाचा मजकूर दीडशे शब्दांपेक्षा मोठा नसावा. जन्मगाव, दलात भरती झाल्याचे वर्ष, कुठे कुठे नेमणूक होती, त्या दिवशी कोणते कर्तव्य होते आणि नेमके काय घडले, या क्रमाने लिहावे. ‘नाकाबंदीवर असताना न थांबलेल्या वाहनाला अडवताना वाहनाने दिलेल्या धडकेत वीरमरण आले’ असे एक सरळ वाक्य पुरेसे असते. ‘रक्ताचा सडा’ वगैरे वर्णन मुलांसमोर वाचले जाणार आहे, हे विसरू नये. खटला न्यायप्रविष्ट असेल तर आरोपीचे नाव, जात, गाव यांचा उल्लेख पूर्ण टाळावा आणि घटनास्थळाचे फोटो कोठेही दाखवू नयेत.

मोठी नावे जोडण्याचा मोह होतो. अशोक कामटे मुंबईला जाण्यापूर्वी सोलापूरचे पोलीस आयुक्त होते, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात त्यांना वीरमरण आले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, त्यामुळे आपल्याकडच्या प्रत्येक भाषणात त्यांचा उल्लेख येणे स्वाभाविक आहे. तो एका वाक्यात करावा आणि लगेच आपल्या माणसाकडे परतावे; आयुक्तांच्या आठवणीत शिपायाचा दिवस संपून जाऊ नये.

परवानग्या आणि तिरंगा

ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आणि फलकाची महापालिकेकडून रीतसर घ्यावी. पोलिसाच्याच कार्यक्रमाचा फलक विनापरवाना असणे शोभत नाही. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदुकीच्या फैरींची मानवंदना खासगीरीत्या देता येत नाही, ती दलाकडूनच दिली जाते. लहान मुलांना खाकी गणवेश घालून फोटोशेजारी उभे करण्याची प्रथा मला तरी पटत नाही.

तिरंग्याबाबत उत्साहात चुका होतात. राष्ट्रध्वज शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामातील अंत्यसंस्कारातच पार्थिवावर पांघरला जातो, केशरी पट्टा डोक्याकडे असतो, आणि तो चितेवर किंवा कबरीत जाऊ दिला जात नाही. स्मृतिदिनाला फोटोवर तिरंगा गुंडाळणे, टेबलावर अंथरणे किंवा कोनशिलेचे अनावरण करण्यासाठी तिरंग्याचा पडदा लावणे हे ध्वजसंहितेत बसत नाही. पडद्याला साधे पांढरे कापड वापरावे. कापडाची आपल्या गावात कधी चणचण नव्हती.

प्रत्यक्ष कार्यक्रम

सकाळी सात किंवा साडेसातला सुरुवात करून चाळीस मिनिटांत आटोपावे. एप्रिल-मेमध्ये तर आपल्याकडे नऊलाच ऊन चटकते आणि समोर वयस्क आई-वडील बसलेले असतात. व्यासपीठ नसले तर उत्तमच. फोटो एका स्वच्छ टेबलावर, कुटुंब पहिल्या रांगेत, त्यांच्यामागे सहकारी आणि त्यानंतर पाहुणे, हा बसण्याचा क्रम लोकप्रतिनिधी आले तरी मोडू नये. शाल-श्रीफळाचे सत्कार या दिवशी नकोत. फलकावर आयोजकांचे फोटोही नकोत; दिवंगताच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे असलेला फलक मी याच शहरात पाहिला आहे.

परिचयाचे वाचन झाल्यावर ज्याने त्याच्याबरोबर रात्रपाळी केली आहे अशा एका सहकाऱ्याला बोलू द्यावे, आणि त्याला भाषण नव्हे तर एकच प्रसंग सांगायला आधीच सुचवावे: डब्यातली शेंगा चटणी तो सर्वांना कशी वाटायचा, वारीतल्या चुकलेल्या म्हातारीला त्याने दिंडी कशी शोधून दिली, असे काही. मग पुष्पचक्र. पोलीस मुख्यालयात वरिष्ठ अधिकारी आधी वाहतात, पण आपल्या कार्यक्रमात पहिला मान घरच्यांचा असावा. पत्नी आता सौभाग्यवती नाही म्हणून तिला दीपप्रज्वलनापासून किंवा पुष्पचक्रापासून बाजूला ठेवण्याचा प्रकार आजही घडतो. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी विधवा प्रथेविरुद्ध चालवलेल्या मोहिमेतून कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानेही तसे परिपत्रक काढले. मोहिमेचा उगम आपल्या जिल्ह्यात असताना आपण मागे राहण्याचे कारण नाही. तिला यायचे नसेल तर आग्रह मात्र करू नये.

स्तब्धता दोन मिनिटांची जाहीर केली तर घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटेच पाळावी. निवेदकांना शांतता सहन होत नाही आणि अर्ध्या मिनिटात ते ‘धन्यवाद’ म्हणून मोकळे होतात. त्यानंतर ५२ सेकंदांचे राष्ट्रगीत, आणि तिथेच कार्यक्रम संपवावा. आभारप्रदर्शन आमंत्रणपत्रिकेवर छापून टाकले की व्यासपीठावरून करावे लागत नाही.

दुसऱ्या वर्षासाठी

चौकाला नाव द्यायचे असेल तर महापालिकेच्या सभेचा ठराव लागतो, आणि रस्त्यावर किंवा पदपथावर पुतळे व बांधकामे उभारण्यास परवानगी देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. तेव्हा पुतळ्याच्या मागे वर्षे घालवण्याऐवजी दुसरे काही करावे. २६ नोव्हेंबरच्याच हल्ल्यात वीरमरण आलेले पोलीस तुकाराम ओंबळे यांचे नाव २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला संशोधकांनी दिले, हे मला आजवरचे सर्वांत अनपेक्षित आणि सुंदर स्मारक वाटते. आपल्या आवाक्यात अभ्यासिका असते: पोलीस भरतीची तयारी करणारी गावाकडची मुले शहरात खोली करून राहतात, पहाटे मैदानावर धावतात आणि दिवसा बसायला जागा शोधतात. वीस खुर्च्या, दोन पंखे आणि भिंतीवर एक फोटो एवढ्याने ती सुरू होते. वर्गणी गोळा केली तर पावती आणि हिशेब ठेवावा, आणि कुटुंबाच्या नावाने पैसे मागण्यापूर्वी त्यांची लेखी संमती घ्यावी. ‘भारत के वीर’ हे केंद्राचे देणगी संकेतस्थळ केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या जवानांसाठी आहे, राज्य पोलिसांसाठी नाही, एवढे देणगीदारांना स्पष्ट सांगावे.

आणखी एक काम पहिल्याच वर्षी उरकावे, कारण सहकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि निवृत्तीनंतर माणसे पांगतात. त्याच्याबरोबर काम केलेल्या आठ-दहा जणांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करून त्या उतरवून काढाव्यात, बोलणाऱ्याला वाचून दाखवाव्यात आणि साध्या वहीत बांधून एक प्रत घरी व एक प्रत त्याच्या शेवटच्या पोलीस ठाण्यात द्यावी. मुलगा किंवा मुलगी त्या वेळी लहान असेल तर वही आईकडे ठेवावी आणि शेवटची काही पाने कोरी सोडावीत.