एसएसएलसी ते पीयूसी : गणित सोडवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माध्यमाची मुले एसएसएलसी (कर्नाटकातील दहावी) होऊन पीयूसीच्या (अकरावी-बारावी) विज्ञान शाखेत गेली आणि गणितात मागे पडू लागली, की पालक इंग्रजी माध्यमाला दोष देतात. भाषेची अडचण खरी आहे; पण उत्तरपत्रिका नीट पाहिली, तर बरेचसे गुण बीजगणिताच्या कच्च्या पायामुळे गेलेले दिसतात. सूत्र पाठ असते, पण कोणती पायरी कोणत्या अटीवर चालते, याचा विचार केलेला नसतो.

क्ष² = ५क्ष हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ असे लिहिले, की क्ष = ० हे दुसरे मूळ (समीकरणाचे उत्तर) निसटते, कारण क्ष शून्य असेल तर तो भागाकारच करता येत नाही. म्हणून सर्व पदे एका बाजूला घेऊन क्ष(क्ष − ५) = ० अशी मांडणी करावी. वर्ग करताना याच्या उलट घडते. √(क्ष + ३) = क्ष − ३ याच्या दोन्ही बाजूंचा वर्ग केल्यास क्ष² − ७क्ष + ६ = ० मिळते आणि १ व ६ ही मुळे येतात; परंतु मूळ समीकरणात १ घातला, तर डावी बाजू २ आणि उजवी −२ होते. उत्तर फक्त ६. ताळा करून पाहिल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून अशा उदाहरणात ताळा हा उत्तराचाच भाग समजावा.

भूमितीत आकृतीवर विसंबू नये. कोन काटकोनासारखा दिसतो म्हणून पायथागोरसचे प्रमेय लावता येत नाही. तो काटकोन दिलेला तरी असावा किंवा सिद्ध केलेला असावा. समरूप आकृत्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराइतके असते, हेही अनेक जण विसरतात. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, हे शेतकऱ्याच्या घरातील मुलांना ठाऊक असते. बाजू ६६ फूट केली, की जागा दोन नव्हे, चार गुंठे होते.

कलनात, म्हणजे कॅल्क्युलसमध्ये, (३क्ष + १)⁵ चा अवकलज (डेरिव्हेटिव्ह) १५(३क्ष + १)⁴ येतो. कंसाच्या आतील ३ ने गुणायचे राहून जाते. अनिश्चित संकलनात (इंटिग्रेशनमध्ये) शेवटी मिळवायचा स्थिरांक सुटतो. सर्वांत महाग पडणारी चूक कमाल किंमत काढताना होते. क्ष³ − ३क्ष ची ० ते ३ या बंद अंतरालातील (० आणि ३ धरून) कमाल किंमत विचारली, तर विद्यार्थी अवकलज शून्य ठेवून क्ष = १ काढतात आणि तिथेच थांबतात. प्रत्यक्षात १ ला किंमत −२, ० ला ० आणि ३ ला १८ आहे; म्हणजे १ ला मिळते ती किमान किंमत, आणि कमाल किंमत अंत्यबिंदूवर आहे. तिन्ही किंमती एकाखाली एक लिहूनच निष्कर्ष मांडावा.