सीताफळ: डोळा उघडल्यापासून बाजारापर्यंत

सोलापूरच्या मुरमाड रानाला आणि उन्हाला सीताफळासारखं मानवणारं फळ थोडंच. पण पाण्याच्या बाबतीत सोशिक असलेलं हे झाड फळाच्या बाबतीत भारी घाईचं. पिकलेलं सीताफळ साध्या हवेत दोन दिवस टिकलं तरी पुष्कळ. वर्षभराची मेहनत तोडणीनंतरच्या तीन-चार दिवसांत हाती लागते, नाहीतर उकिरड्यावर जाते.

आधी डोळे, म्हणजे सालीवरचे फुगीर खवले, ओळखायला शिका. कच्च्या फळाचे डोळे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, मधल्या खाचाही हिरव्याच. फळ तयार होऊ लागलं की डोळे फुगून सुटे होतात आणि खाचांत पिवळसर पांढरी रेघ उमटते. यालाच आपण डोळा उघडला म्हणतो. रेघ दिसतेय पण फळ अजून कडक आहे, हीच तोडणीची वेळ. त्याआधी काढलेलं फळ कितीही दिवस अढीत ठेवा, सुरकुततं, काळं पडतं, गोडी काही येत नाही. उशीर झाला तर ते झाडावरच तडकतं आणि पाखरं-मुंग्या टपलेल्याच असतात. सगळी फळं एकदम तयार होत नाहीत, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी बागेत फेरी हवीच.

सकाळी दव सुकल्यावर कात्रीनं, थोडा देठ ठेवून फळ कापा. पहिल्या वर्षी मी घाईनं फांद्या हलवून फळं खाली पाडली होती. संध्याकाळी ती छान दिसत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जिथे जिथे मार लागला होता तिथे काळे डाग, आणि दोन क्रेट फुकट. देठही लांब ठेवू नका, तो शेजारच्या फळात रुततो. खाचांत पिठ्या ढेकूण (पिठासारखी पांढरी कीड) असेल तर मऊ ब्रशनं झाडून काढा. मग क्रेटमध्ये तळाला कागद घालून फळांचे दोनच थर लावा.

कडक फळ फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीनं साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही. घरी खायचं असेल तर गवताची किंवा कागदाची अढी लावा.

वाण निवडताना बाजार किती लांब आहे ते आधी बघा. बाळानगरची चव मला स्वतःला फार आवडते, पण बिया जास्त आणि टिकाऊपणा कमी, म्हणून तो जवळच्या बाजाराला बरा. फुले पुरंदरला गर भरपूर. अर्का सहान हा बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा संकर, गोडीला जास्त आणि बियांना कमी. आणि आपल्या बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवडीतून पुढे आणलेला एनएमके-१ गोल्डन बिया कमी असल्यानं आणि जास्त दिवस टिकत असल्यानं दूरच्या बाजारालाही चालतो. ही जात एका शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात घडवली, याचा मला जिल्ह्याचा माणूस म्हणून मनापासून अभिमान आहे.

विक्रीआधी प्रतवारी कराच. मोठी, मध्यम, लहान अशी वेगळी क्रेट भरा. एकाच क्रेटमध्ये सगळं भरलं की भाव लहान फळाचा लागतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आवक वाढते आणि दर उतरतात, तेव्हा छाटणी-पाण्याच्या वेळा थोड्या मागेपुढे करून काही फळ त्या गर्दीबाहेर काढता आलं तर उत्तम. सोलापूर-बार्शीला फळ जरा तयार झालेलं चालतं, पुणे-मुंबईला मात्र कडकच पाठवा.

जास्त पिकलेलं फळ टाकू नका. आइस्क्रीम आणि रबडीवाल्यांना गर लागतोच. हातानं बिया काढून गर पिशव्यांत भरा आणि उणे 18 अंशांना गोठवा. गर तापवला की कडवटपणा येतो, म्हणून बासुंदीही पूर्ण गार झाल्यावरच त्यात गर मिसळा.

बिया मिक्सरमध्ये कधीच फिरवू नका. त्या विषारी असतात. उवांसाठी त्यांची पूड डोक्याला लावतात, पण ती डोळ्यांत गेली तर मोठी इजा होते, म्हणून वाळवायला ठेवलेल्या बिया पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशाच ठेवा.