वॉर्पिंगच्या मोटारीला ड्राइव्ह बसवताना

सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्यांत मी मोटारींची कामं करतो. वॉर्पिंग मशीन, म्हणजे ताण्याचं (उभं) सूत बीमवर, मोठ्या रुळावर, गुंडाळणारं यंत्र, झटक्यात सुरू झालं की सूत तुटतं, म्हणून वेग हळूहळू चढवता यावा अशी कारखानदारांची मागणी असते. काही विकत घेण्याआधी मोटारीची पाटी पुसून वाचा. पुढचं सगळं तिच्यावर ठरतं.

चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटार, 50 हर्ट्झ: 120 गुणिले 50 भागिले 4, म्हणजे मिनिटाला 1500 फेरे. पाटीवर साधारण 1440 असतात. मधले 60 स्लिपचे, म्हणजे मोटार जेवढी मागे पडते तेवढे. पोल बदलणाऱ्या मोटारीत 1500 किंवा 750, अधलंमधलं काही मिळत नाही. नुसतं व्होल्टेज उतरवणं पंख्याला चालतं. जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, 80 टक्के व्होल्टेजला 64 टक्केच उरतो. भरलेला बीम त्यावर ओढला जात नाही. स्लिपरिंग मोटारीच्या रोटरला (फिरणाऱ्या भागाला) रेझिस्टन्स जोडला तर वेग उतरतो, पण वीज तापण्यात जाते. माझं मत स्पष्ट आहे: व्हीएफडी घ्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह.

तो फ्रिक्वेन्सीबरोबर व्होल्टेजही उतरवतो. 415 भागिले 50, म्हणजे दर हर्ट्झला 8.3 व्होल्ट, 30 हर्ट्झला साधारण 250. हे प्रमाण टिकलं की जोर टिकतो. 50 च्या वर व्होल्टेज वाढत नाही, तिथे जोर घटतो.

जुना स्टार-डेल्टा स्टार्टर काढा, मोटारीचं कनेक्शन पाटीप्रमाणे करा. मोटारीला कपॅसिटर असेल तर तोही काढाच. ड्राइव्हच्या आउटपुटवर तो ठेवला तर ड्राइव्ह जातो. सप्लाय ड्राइव्हच्या आर-एस-टी टर्मिनलना, मोटार यू-व्ही-डब्ल्यूला; उलट जोडलं की संपलं. मग पाटीवरचे व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ, फेरे ड्राइव्हमध्ये भरा. चढायचा वेळ 10 सेकंदांपासून सुरू करा आणि सूत तुटेनासं होईपर्यंत वाढवत जा. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायचा तर ड्राइव्हच्या वायरी सोडवूनच. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरवर 580 व्होल्टच्या आसपास डीसी राहतो. 10 मिनिटं थांबा, मीटरने बघा, मगच हात घाला.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. वेग उतरला की वाराही उतरतो. पूर्ण लोडवर 20 हर्ट्झखाली बराच वेळ चालवायची असेल तर वेगळा ब्लोअर बसवा. पॅनल सुताच्या धुळीपासून लांब ठेवा, आणि हीट सिंक (ड्राइव्हची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) उन्हाळ्यात दर आठवड्याला, सप्लाय तोडून, साफ करा.