वसुलीसाठी दारात कोणी आले तर : कोल्हापूर जिल्ह्यातील कर्जदारांसाठी

ऊसबिल लांबले, इचलकरंजीत मागांना काम कमी झाले किंवा पुराच्या पाण्यात दुकानातला माल गेला, की हप्ते थकतात आणि काही दिवसांत वसुलीसाठी माणसे दारात येतात. घेतलेले पैसे परत केले पाहिजेत, याबद्दल वाद नाही. मात्र कर्ज थकणे हे दिवाणी स्वरूपाचे देणे आहे आणि केवळ परतफेड जमली नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येत नाही किंवा गल्लीत उभे करून अपमान करता येत नाही. देणे आणि दहशत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तरच पुढची पावले नीट पडतात.

दारात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारावा : पैसे कोणाचे आहेत? बँक किंवा फायनान्स कंपनी, सहकारी पतसंस्था आणि खासगी सावकार या तिघांना तीन वेगळे कायदे लागू होतात, आणि तक्रार चुकीच्या कार्यालयात दिली तर महिने वाया जातात. आलेल्याचे ओळखपत्र आणि संस्थेने दिलेले अधिकारपत्र मागावे. ते दाखवले नाही तर त्याच्याशी रकमेबद्दल काहीही बोलू नये. रोख पैसे द्यायचेच असतील तर संस्थेची छापील पावती हातात पडल्याशिवाय देऊ नयेत. शक्यतो भरणा थेट कर्जखात्यात करावा.

बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकी देऊ नये, नातेवाइकांपुढे किंवा शेजाऱ्यांपुढे बदनामी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. महिलांच्या गटांना मिळणारे सूक्ष्म कर्ज असेल तर ही वेळ आणखी कमी, म्हणजे सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आहे. वसुली दोघांच्या संमतीने ठरलेल्या जागीच व्हायला हवी, आणि त्या जागी कर्जदार लागोपाठ दोन वेळा आली नाही तरच घरी किंवा कामाच्या ठिकाणी येण्याची मुभा आहे. एका बाईचा हप्ता चुकला म्हणून संपूर्ण गटाला रात्रीपर्यंत तिच्या अंगणात बसवून ठेवणे नियमात बसत नाही, आणि हे गटातल्या प्रत्येकीला माहीत असले पाहिजे. अशा वागण्याची लेखी तक्रार आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

पतसंस्थांचे वेगळे आहे. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात आणि रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तेथे उपयोगी पडत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्थेला वसुली दाखला मिळतो आणि त्यावरून जप्ती होऊ शकते. म्हणून निबंधकाची, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याची, नोटीस आली की घरात ठेवून न देता ठरल्या तारखेला हजर राहावे, खातेउतारा मागावा आणि रकमेबद्दलची हरकत लेखी नोंदवावी. दाखला निघाल्यानंतर वाट फार अरुंद होते.

सर्वांत जास्त त्रास खासगी सावकारीत होतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानाधारक सावकारालाही मनाला येईल ते व्याज घेता येत नाही : शासनाने २०१४ मध्ये ठरवलेले वार्षिक दर शेतकऱ्यासाठी तारणी कर्जावर ९ टक्के व विनातारणावर १२ टक्के, तर बिगरशेतकऱ्यासाठी अनुक्रमे १५ व १८ टक्के असे आहेत. महिन्याला शेकडा १० हा बाजारात सर्रास चालणारा दर वर्षाला १२० टक्के होतो, हे कागदावर मांडून पाहावे. कर्जदाराचा पाठलाग करणे, घराभोवती घुटमळणे, धमकावणे हा उपद्रव असून याच कायद्याच्या कलम ४५ खाली शिक्षेस पात्र आहे. सावकारीच्या व्यवहारात जमीन किंवा घर खरेदीखताने लिहून घेतले असेल, तर तक्रारीच्या आधीच्या १५ वर्षांतील अशा व्यवहाराची चौकशी करून मालमत्ता परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक कलम १८ खाली देऊ शकतात. मात्र नात्यातल्या माणसाने एखाद्या वेळी बिनव्याजी दिलेले हातउसने पैसे म्हणजे सावकारी नव्हे. रागाच्या भरात अशा माणसाविरुद्ध सावकारीची तक्रार करणे अन्यायाचे आहे.

सावकाराविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या आपल्या तालुक्यातील सहायक निबंधकांकडे किंवा कोल्हापूरच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करावी. अर्जात किती रक्कम कधी घेतली, व्याज काय ठरले, आतापर्यंत किती व कसे दिले आणि कोणते कोरे चेक, मुद्रांक किंवा वाहनाची कागदपत्रे दिली, हे तारीखवार लिहावे. फोनचे रेकॉर्डिंग, व्हॉट्सअॅप संदेश आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी जपून ठेवाव्यात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.

कोरा चेक वटवायला टाकून नोटीस पाठवणे हा दबावाचा नेहमीचा मार्ग आहे. अशी नोटीस मिळाल्यापासून रक्कम भरण्यासाठी १५ दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर देऊन चेक कधी, कोणत्या कारणाने दिला होता ते नोंदवावे, कारण गप्प राहिलेल्याची बाजू न्यायालयात कमकुवत ठरते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते.

प्रत्यक्ष मारहाणीची किंवा घरात घुसण्याची वेळ आली तर ११२ वर फोन करावा आणि शेजाऱ्यांना साक्षीसाठी बोलवावे, हाणामारीसाठी नव्हे. दारात आलेला मुलगा बहुधा कमिशनवर राबणारा, आपल्याच जिल्ह्यातला असतो. त्याच्यावर हात उचलला तर गुन्हा आपल्यावर दाखल होतो आणि खरी तक्रार मागे पडते.

देणे भागवण्याची तयारी असेल तर स्वतःहून लेखी प्रस्ताव द्यावा : ऊसबिल जमा झाल्यावर किती, दरमहा किती, केव्हापर्यंत. झेपणार नाही असा आकडा दबावाखाली लिहून देऊ नये. बँकेने कमी रकमेत तडजोड मान्य केली तर ते पत्र हातात घेऊनच पैसे भरावेत, आणि अशा तडजोडीची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीत, पूर्ण परतफेडीसारखी होत नाही, हे आधी समजून घ्यावे. कर्ज पूर्ण फिटल्यावर ‘बाकी नाही’ असा दाखला आणि दिलेले सर्व चेक परत घ्यावेत. बँकेने मालमत्तेची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करणे बंधनकारक आहे, आणि तिच्या चुकीने उशीर झाल्यास दररोज ५ हजार रुपये भरपाई देय होते. शेतजमिनीवर बोजा असेल तर तो दाखला तलाठ्याकडे देऊन बोजा कमी झाल्याचा फेरफार करून घ्यावा आणि नवा सातबारा काढून इतर हक्काचा रकाना तपासावा.